कागदावरचा नांगर आणि शेतातला नांगर

सांगलीहून वायव्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाळवा तालुक्यात, आष्टा हे जुने व भरवस्तीचे गाव आहे. भोवताली कृष्णाकाठची काळी जमीन आणि तीत ऊस, हळद, भुईमूग, ज्वारी ही पिके. इंग्रजी अमदानीत हे गाव सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली त्या जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा ते दक्षिण साताऱ्यात आले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यासच सांगली जिल्हा हे नाव मिळाले. गावाची ओळख पिढ्यानुपिढ्या शेतीची. परंतु हल्ली तिला एक नवी जोड मिळाली आहे. अण्णासाहेब डांगे यांच्या नावाने चालणारी अभियांत्रिकी व वास्तुकला या विषयांची महाविद्यालये आष्ट्यास आहेत, आणि शेतकऱ्यांची मुले तेथे यंत्रांचे व इमारतींचे नकाशे काढावयास शिकतात.

नवीन वस्तूची रचना करावयास शिकणाऱ्या अशा विद्यार्थ्यापुढे पुढेमागे एक प्रश्न उभा राहतो. रचना करणे, शोध घेणे आणि शिकविणे हे तीन निरनिराळे व्यवसाय आहेत, की एकाच कामाची ही तीन अंगे आहेत? व्यवहारात त्यांची वाटणी झालेली दिसते. कारखानदाराने वस्तू घडवावी, संशोधकाने प्रयोग करावे आणि शिक्षकाने वर्गात व्याख्यान द्यावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शिकविण्यात वेळ गेला की हातातले काम अडते, आणि प्रयोगात गुंतले की माल वेळेवर तयार होत नाही, अशी तक्रारही ऐकू येते. ती अगदीच निराधार आहे असे नव्हे. तथापि या प्रश्नाचे एक उत्तर आष्ट्यापासून फार दूर नाही. आष्ट्याच्या उत्तरेस, कृष्णा ओलांडून गेले की किर्लोस्करवाडी लागते. ज्या गृहस्थांनी ती वाडी वसविली ते आरंभी चित्रकलेचे विद्यार्थी होते, नंतर रेखाकलेचे शिक्षक झाले आणि अखेरीस नांगर घडविणारे कारखानदार म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्या चरित्रात ही तिन्ही कामे एकमेकांस कशी उपयोगी पडली, हे पाहण्यासारखे आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घर वेदान्ताचा व्यासंग असलेल्या पंडिताचे. परंतु मुलाची ओढ दोन गोष्टींकडे, चित्रे काढण्याकडे आणि यंत्रे उघडून पाहण्याकडे. थोरले बंधू रामुअण्णा यांनी पैशाचे साहाय्य केले म्हणून १८८५ साली ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे सुमारे दोन वर्षे काढल्यावर एक विलक्षण अडचण उघडकीस आली. त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद ओळखता येत नव्हता. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणास याहून मोठा आघात कोणता असणार? परंतु रेषेस रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरून ठेवली. यांत्रिक रेखाकलेचा अभ्यास त्यांनी पुरा केला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून ते काम करू लागले.

यांत्रिक रेखाकला ही सुंदर चित्रे काढण्याची कला नव्हे. एखादी वस्तू वरून, समोरून आणि बाजूने कशी दिसते, याच्या तीन आकृत्या मोजमापांसह अशा काढावयाच्या की, ती वस्तू कधीही न पाहिलेल्या कारागिरास त्या कागदावरून ती बिनचूक घडविता यावी. जो हा विषय शिकवितो त्याच्यावर एक बंधन आपोआप येते. वस्तूचा कोणताही भाग तो संदिग्ध ठेवू शकत नाही. स्वतःपुरते काम करणारा कारागीर ‘हे हाताच्या अंदाजाने जमेल’ असे म्हणू शकतो; शिक्षकास तसे म्हणता येत नाही, कारण समोरचा विद्यार्थी ‘किती?’ आणि ‘कशासाठी?’ असे विचारल्यावाचून राहत नाही. लक्ष्मणरावांनी हे बंधन मनापासून पत्करले. सुटीच्या वेळी ते संस्थेच्या यंत्रशाळेत जात, यंत्रे खोलून पुन्हा जुळवीत आणि यंत्रविद्येवरील ग्रंथ वाचीत. फळ्यावर जे काढावयाचे ते आधी हाताने ओळखावयाचे, असा हा क्रम होता. शिकविण्याने शोध घेण्याची निकड उत्पन्न केली आणि शोधाने शिकविण्यास आधार दिला.

याच काळात मुंबईत सायकल हे वाहन नव्याने दिसू लागले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली विकत घेऊन बेळगावास पाठवीत आणि तेथे रामुअण्णा त्या विकीत. १८८८ साली निघालेले हे सायकलींचे दुकान म्हणजेच पुढील किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ मानला जातो. यातील एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रामुअण्णा सायकल विकून थांबत नसत; ती चालवावयास शिकवीत आणि त्याबद्दल १५ रुपये घेत. सायकल कितीही उत्तम असली तरी जोवर तिच्यावर तोल सांभाळता येत नाही, तोवर ती घेणाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ लोखंडाचा सांगाडाच होय. नवीन वस्तू समाजात रुजावयाची तर तिच्याबरोबर तिचे शिक्षणही द्यावे लागते, हा धडा किर्लोस्कर बंधूंना असा दुकानाच्या उंबऱ्यावरच मिळाला. त्याचा खरा उपयोग पुढे झाला, पण तो सहजासहजी झाला नाही.

मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. तेथे लहानशा यंत्रशाळेत प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर तयार झाला. नांगर घडविण्यास लागणारी विद्या आता हाती होती. परंतु तयार झालेले नांगर कोणी घेईना. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते आणि पुढे तीत काही पिकत नाही, असे शेतकरी म्हणत.

ही दोन वर्षे या हकिगतीचा गाभा होत. उधारीवर लोखंड आणावे, भट्टी पेटवावी, नांगर ओतावे आणि ते भिंतीशी रचून ठेवावे, असा प्रसंग ज्या कारखानदारावर येतो त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. शेतकऱ्यास अडाणी ठरवून त्याने दुसरा माल काढावा, हा एक. शेतकरी नाही का म्हणतो याचा शोध घ्यावा, हा दुसरा. पहिला मार्ग सोपा आहे आणि शहरातील सुशिक्षितांस तोच खराही वाटतो. परंतु ‘विष’ या एका शब्दाखाली शेतकऱ्याच्या किती रास्त शंका दडलेल्या असतात, हे समजण्यासाठी आधी जुना नांगर कसा होता ते पाहिले पाहिजे.

दख्खनचा जुना नांगर लाकडी. बाभळीसारख्या चिवट लाकडाचे खोड, त्यास जोडलेला लांब हळस, हाती धरावयाचे रुमणे आणि टोकाशी लोखंडी फाळ. लोखंड काय ते एवढेच. काळ्या जमिनीत खोल नांगरट करावयाची तर अशा जड नांगरास कित्येक बैलजोड्या जुंपाव्या लागत. हा नांगर माती फोडतो, पण उलथीत नाही. त्याने पडणारा चर वर रुंद व खाली निमुळता असतो आणि दोन चरांच्या मध्ये न फुटलेली माती राहून जाते. लोखंडी नांगराची गोष्ट निराळी. त्याच्या फाळामागे पिळाकार वळण दिलेला एक पत्रा असतो. फाळाने कापलेली मातीची पट्टी त्या वळणावरून वर चढते, कलते आणि पालथी पडते. हरळी व कुंदा यांची खोल गेलेली मुळे उघडी पडून वैशाखाच्या उन्हात वाळतात. कागदावर हा फायदा निर्विवाद दिसतो.

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहावे. लाकडी नांगर गावचा सुतार घडवीत असे आणि फाळ गावचा लोहार शेवटत असे. त्यांचे मोल सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने धान्यात दिले जाई. भर हंगामात नांगर मोडला तरी तो त्याच दिवशी दुरुस्त होई. ओतीव लोखंड, ज्यास कारागीर बीड म्हणतात, ते कठीण असते पण ठिसूळही असते. दगडावर आपटले तर फुटते आणि एकदा फुटले की लोहाराच्या भात्यावर तापवून व घणाने ठोकून ते जुळत नाही. म्हणजे नवा नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याचा गावच्या कारागिराशी असलेला संबंध तुटणार आणि नांगरट कोणा दूरच्या कारखान्याच्या हाती जाणार. दोन पावसांमधल्या थोड्या दिवसांत नांगर बंद पडला तर एका मोसमाचे पीक धोक्यात येणार. शिवाय माती पहिल्यानेच उलथली की खालचा कस नसलेला थर वर येतो आणि एखादे साल पीक हलके येण्याचा संभवही असतो. अशा शंकांचा उच्चार ‘लोखंड जमिनीस बाधते’ या एका वाक्यात झाला तर त्यास केवळ भोळसटपणा म्हणता येत नाही.

हा अनुभव केवळ या देशातला नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिकडच्या शेतकऱ्यांनीही तोच आक्षेप घेतला. लोखंडाने जमीन नासते आणि तण माजते, असे ते म्हणू लागले. न्यूबोल्डचा नांगर एकसंध ओतलेला होता, त्यामुळे एक कोपरा फुटला तरी सगळा नांगर निकामी होई. पुढे जेथ्रो वुड या दुसऱ्या अमेरिकनाने १८१९ साली सुट्या भागांचा नांगर पुढे आणला. झिजलेला फाळ तेवढा काढावा आणि त्याच मापाचा दुसरा बसवावा, अशी त्याची रचना होती. असे नांगर पसरू लागले तसतशी विषाची भाषा मागे पडत गेली. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली फाळाची खालची बाजू चटकन थंड करून अधिक कठीण करण्याची युक्ती काढली होती. त्यामुळे वरची मऊ बाजू आधी झिजे आणि धार आपोआप राहत असे. या तिन्ही उदाहरणांत एकच गोष्ट दिसते. शेतकऱ्याचा आक्षेप हे रचनाकाराला मिळालेले संशोधनाचे साधन असते; त्यातील शब्द चुकीचा असला तरी बोट बहुधा खऱ्या उणिवेकडेच दाखविलेले असते.

येथे रेखाकलेच्या वर्गाचा संबंध पुन्हा येतो. सुटा भाग बदलता यावयाचा असेल तर आज ओतलेला फाळ आणि पुढल्या वर्षी ओतलेला फाळ यांत तसूभरही फरक पडता कामा नये. भोके तेथल्या तेथे पडली पाहिजेत आणि वळण तेच राहिले पाहिजे. हे डोळ्याच्या अंदाजाने साधत नाही. त्यासाठी मापांसहित नकाशा पाहिजे, नकाशावरून लाकडी नमुना पाहिजे आणि नमुन्यावरून वाळूतला साचा पाहिजे. मुंबईच्या फळ्यावर ज्या तीन आकृत्यांचा पाठ दिला जात होता, त्याच आकृत्या खेड्यातल्या शेतकऱ्यास ‘तुझा नांगर अडून राहणार नाही’ अशी हमी देऊ शकतात. उलट, शेतातील अनुभव त्याच आकृत्या दुरुस्त करतो. इंग्लंडातील नांगर घोड्यासाठी योजलेला. घोडा गळ्यातील पट्ट्याने ओढतो आणि बैल खांद्यावरच्या जुवाने. ओढीची रेषा जरा चढली तर फाळ जमिनीत रुततो, जरा उतरली तर तो वर उसळतो. बैलाची उंची, मातीचा चिकटपणा आणि नांगऱ्याच्या हाताची सवय ही मापे कोणत्याही परदेशी नकाशावर लिहिलेली नसतात. ती शेतातच घ्यावी लागतात, आणि घेतल्यावर कागद पुसून पुन्हा काढावा लागतो.

दोन वर्षांनंतर नांगर खपू लागले. परंतु स्थैर्य अजून दूर होते. बेळगावच्या नगरपालिकेस नवी वस्ती वसविण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि लक्ष्मणरावांना ती सोडावी लागली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या मुलखात कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. कलासंग्रहासाठी त्यांनी १९३८ साली औंधास उभारलेले संग्रहालय प्रसिद्ध आहे. चित्रकलेचा मार्ग ज्यास सोडावा लागला त्या यांत्रिकास एका चित्रकार राजाने आश्रय दिला, हा योगायोग असला तरी मोठा अर्थपूर्ण आहे. १९१० साली निवडुंगांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली, आणि पुढे त्या रेल्वे स्टेशनासही तेच नाव मिळाले.

माळावर आयते कारागीर मिळणार नव्हते. ते घडवावे लागले. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे सहकारी पदव्यांच्या बळावर नव्हे तर कामाच्या बळावर पुढे आले. अस्पृश्यता वाडीत पाळावयाची नाही, हा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर पहाऱ्याचे काम सोपविले गेले. कारखाना म्हणजे एक प्रकारची शाळाच होती. तीत शिकवणाऱ्यासही शिकावे लागे. कारण ज्याला साचा नीट समजला नाही तो कामगार वाईट माल काढतो, आणि तो न समजण्याचे कारण पुष्कळदा नकाशातच असते. वर्गातील विद्यार्थ्याचे ‘किती?’ आणि ‘कशासाठी?’ येथे भट्टीच्या तोंडाशी विचारले जात असे.

शिक्षणाचा हा ओघ वाडीपुरता राहिला नाही. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हेही चित्रकलेचे विद्यार्थी. पंडित सातवळेकरांपाशी लाहोरास ते चित्रकला शिकले होते आणि व्यंगचित्रेही काढीत. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस व्हावी म्हणून त्यांच्या संपादकत्वाखाली १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन महाराष्ट्रातील घरोघर पोहोचले, आणि १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडे निघाली. नांगराची ओळख करून देण्यासाठी निघालेले पत्र अखेर नव्या विचारांचे वाहन झाले. बेळगावच्या दुकानात सायकलीबरोबर तोल शिकविला जात होता. तीच रीत येथे छापील रूपाने दिसते.

कारखान्यातून पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि १९२६ साली पाणी उपसण्याचे सेंट्रिफ्यूगल पंप निघाले. ही यादी कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या गरजांची यादी आहे, हे ध्यानात यावे. ऊस पिकतो तेथे चरक लागतो, भुईमूग पिकतो तेथे शेंगा फोडाव्या लागतात आणि नदी खोल खडकात वाहते तेथे पाणी वर चढवावे लागते. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले, तेव्हा जो माळ त्यांना ओसाड मिळाला होता तो एक उद्योगनगर झाला होता.

या सर्व हकिगतीवरून प्रत्येक शिक्षकाने कारखाना काढावा किंवा प्रत्येक कारखानदाराने वर्ग चालवावा, असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे होईल. तीन कामांत वेळेची ओढाताण होते ही तक्रार खरीच आहे, आणि लक्ष्मणरावांनाही मुंबईची शिक्षकाची जागा सोडल्यावरच नांगर घडविता आला. परंतु जागा सुटली तरी शिक्षकाचे वळण सुटले नाही. प्रत्येक माप सांगता आले पाहिजे, प्रत्येक वळणाचे कारण देता आले पाहिजे आणि ऐकणाऱ्यास पटले नाही तर दोष आधी आपल्या आकृतीत शोधला पाहिजे, हे ते वळण होय. यातील शेवटचे कलम सर्वांत कठीण आहे. भिंतीशी रचलेले, न खपलेले नांगर रोज पाहत असता ते पाळावे लागते.

आष्ट्याच्या महाविद्यालयात नकाशा काढणाऱ्या विद्यार्थ्यास या कामी एक सोय आहे, जी मोठ्या शहरातील विद्यार्थ्यास क्वचितच मिळते. ज्याच्यासाठी तो वस्तू योजतो आहे तो मनुष्य त्याच्या घरातच आहे. सुटीत घरी जाताना त्याने आपली आकृती बरोबर न्यावी, ती वडिलांपुढे किंवा चुलत्यापुढे पसरावी आणि हे काय आहे ते सोप्या मराठीत समजावून द्यावे. ‘हे आमच्या रानात चालायचं नाही’ असे उत्तर आले तर वाद घालू नये. ‘का?’ एवढेच विचारावे, उत्तर लिहून घ्यावे आणि सोमवारी वर्गात जाऊन आकृती पुन्हा काढावी.